गाभ्यातील चुंबक आणि संगणकातील पृथ्वी

होकायंत्राची सुई उत्तरेकडे का वळते, या प्रश्नाचे उत्तर शाळेतील मुलगाही चटकन देतो : पृथ्वी हे एक प्रचंड चुंबक आहे म्हणून. उत्तर खोटे नाही. परंतु ते अपुरे आहे. मग पृथ्वी चुंबक कशामुळे झाली, असे त्या मुलाने उलट विचारले तर गुरुजींनाही क्षणभर थांबावे लागेल. या प्रश्नाचे जे उत्तर आज शास्त्रज्ञांना बहुतांशी मान्य आहे, ते आरंभी निव्वळ एक धाडसी तर्क होते. जेथे हे चुंबकत्व जन्माला येते तेथे कोणी पोहोचलेला नाही आणि पोहोचण्याची शक्यताही नाही. म्हणून त्या तर्काची परीक्षा संगणकाच्या पोटात घ्यावी लागली. संगणकाने दाखविले ते खरेच असले पाहिजे, अशी समजूत दृढ होत चाललेल्या आजच्या काळात या परीक्षेचा इतिहास सर्वसामान्य वाचकानेही जाणून घ्यावा, असे आम्हांस वाटते.

या प्रश्नाशी गोव्याचे नाते फार जुने आहे. १५३८ साली लिस्बनहून गोव्याकडे निघालेल्या पोर्तुगीज आरमारात दों जुआंव द कास्त्रो हे होते. हेच पुढे येथे गव्हर्नर व अखेरीस व्हाइसरॉय झाले आणि १५४८ मध्ये येथेच निवर्तले. होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेपासून किंचित ढळलेली असते. या ढळण्याला दिक्पात म्हणतात. दिक्पातावरून जहाज पूर्व-पश्चिम किती अंतरावर आहे ते कळू शकेल, अशी त्या काळच्या विद्वानांची कल्पना होती. कास्त्रो यांनी वाटेत ठिकठिकाणी दिक्पात मोजला आणि ती कल्पना टिकत नाही असे दाखवून दिले. जहाजावरची लोखंडी तोफ सुईला फसविते, हे त्यांच्या ध्यानात आले. वसईच्या परिसरात थोड्याथोड्या अंतरावर दिक्पात बदलतो आणि त्याला तेथील खडक कारण असावेत, असेही त्यांनी नोंदविले. पुस्तकातील सुंदर कल्पनेपेक्षा समुद्रावरील मोजमाप श्रेष्ठ, हा धडा या शास्त्राला आपल्या किनाऱ्याच्या वाटेवरच मिळाला, असे म्हणता येईल.

तापलेले लोखंड आणि फिरणारी सुई

पृथ्वी स्वतःच एक चुंबक आहे, हे विल्यम गिल्बर्ट यांनी १६०० साली ग्रंथ लिहून प्रतिपादिले. परंतु अवघ्या ३५ वर्षांत त्या सिद्धांताला एक अडचण आली. लंडनमधील दिक्पात पूर्वीच्या मोजमापांहून बदलला आहे, असे हेन्री गेलिब्रँड यांनी १६३५ मध्ये दाखवून दिले. दगडात बसलेले चुंबक असे हळूहळू दिशा का बदलील? एडमंड हॅले यांनी १६९२ मध्ये सुचविले की, पृथ्वीच्या पोटात एकात एक बसलेले गोल असावेत आणि ते निरनिराळ्या वेगांनी फिरत असावेत. आज हे वाचून हसू येते. पण आत काहीतरी हलते आहे, हा त्यातील गाभा खराच होता. पुढे १८३० च्या दशकाच्या अखेरीस गाउस या जर्मन गणितज्ञाने जगभरच्या मोजमापांवरून सिद्ध केले की, या चुंबकत्वाचा मुख्य उगम पृथ्वीच्या आतच आहे.

आत आहे म्हणजे नेमके काय आहे? याचे पहिले भक्कम उत्तर देणारा संशोधक भारतात घडला. रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम हे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यातील अधिकारी. १८९७ च्या आसामच्या महाभयंकर भूकंपाचा त्यांनी सखोल अभ्यास केला आणि त्याच अनुभवाच्या बळावर १९०६ मध्ये, भूकंपलहरींच्या प्रवासावरून, पृथ्वीला वेगळ्या द्रव्याचा गाभा आहे असे दाखविले. सुमारे २,९०० किलोमीटर खोलीवर सुरू होणारा हा गाभा मुख्यतः लोखंडाचा असून बाहेरच्या भागात तो द्रवरूप आहे. त्याच्याही मध्यभागी घन आंतरगाभा असल्याचे इंगे लेमान या डॅनिश विदुषीने १९३६ मध्ये शोधून काढले.

लोखंड म्हटल्यावर प्रश्न सुटला असे वाटेल. वस्तुतः तो येथेच अवघड होतो. लोखंड सुमारे ७७० अंश सेल्सियसपर्यंत तापविले की त्याचे चुंबकत्व नाहीसे होते. गाभ्यातील उष्णता तर कित्येक हजार अंशांची. तेथे चुंबकाची कांडी टिकणे अशक्य. गाभ्यात एखादा विद्युत् प्रवाह पूर्वी कधी सुरू झाला आणि तोच अजून वाहतो आहे, असे मानावे तर तोही काही दशसहस्र वर्षांत विझून गेला असता. उलट प्राचीन खडक सांगतात की, पृथ्वीचे चुंबकत्व निदान ३४० कोटी वर्षे तरी नांदत आहे. म्हणजे ते सतत नव्याने निर्माण होत असले पाहिजे.

सोन्याचा दंडगोल

मग तर्कांना ऊत आला. त्यांपैकी एक तर्क आणि त्याची अखेर सांगण्यासारखी आहे. पॅट्रिक ब्लॅकेट हे विख्यात ब्रिटिश भौतिकीविद. १९४८ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. स्वतंत्र भारताच्या विज्ञानधोरणाशीही त्यांचा जवळचा संबंध होता. त्यांनी १९४७ मध्ये असे मांडले की, कोणतीही मोठी वस्तू स्वतःभोवती फिरू लागली की केवळ फिरण्यामुळेच तिच्या अंगी चुंबकत्व येते. हा निसर्गाचा एक मूलभूत नियमच असावा. पृथ्वी, सूर्य आणि एक दूरचा तारा यांची आकडेवारी या सूत्रात आश्चर्यकारक रीतीने बसत होती.

आकडे जुळले म्हणून ब्लॅकेट तेथे थांबले नाहीत. बँक ऑफ इंग्लंडकडून त्यांनी सुमारे १५ किलो शुद्ध सोने उसने घेतले आणि त्याचा दंडगोल घडविला. पृथ्वीबरोबर फिरणाऱ्या या दंडगोलालाही, सूत्र खरे असेल तर, अतिसूक्ष्म चुंबकत्व असावयास हवे होते. ते मोजण्यासाठी त्यांनी विलक्षण संवेदनशील असा चुंबकत्वमापक तयार केला. चुंबकत्व काही आढळले नाही. इंग्लंडमधील खोल खाणींत घेतलेली मोजमापेही त्यांच्या विरुद्धच गेली. १९५२ मध्ये ब्लॅकेट यांनी आपल्याच प्रयोगाने आपलाच सिद्धांत निकालात काढला आणि तसे जाहीरपणे प्रसिद्ध केले. नोबेल मिळालेल्या माणसाला हे करता आले, याचे मोल त्या सोन्याहून अधिक आहे.

स्वतःच स्वतःला पोसणारा डायनामो

दुसरा तर्क दिसायला साधा होता. १९१९ मध्ये जोसेफ लार्मर यांनी एका छोट्याशा निबंधात सूर्याविषयी प्रश्न केला : फिरणारा वायूचा गोळा चुंबक कसा होऊ शकेल? त्यांचे उत्तर होते डायनामो. सायकलच्या डायनामोत चुंबक व तारेचे वेटोळे एकमेकांजवळ फिरतात आणि वीज निर्माण होते. वीज वाहू लागली की तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र निर्माण होते, हेही आपण जाणतो. आता समजा, तारेच्या ऐवजी वितळलेले लोखंड आहे आणि ते उष्णतेमुळे भांड्यातील उकळत्या पेजेसारखे वरखाली होत आहे. कोठून तरी आलेले क्षीण चुंबकीय क्षेत्र त्यात असेल तर हलत्या लोखंडात वीज खेळेल, ती वीज मूळ क्षेत्राला बळ देईल आणि ते क्षेत्र पुन्हा विजेला. पृथ्वीच्या फिरण्यामुळे हे प्रवाह मळसूत्रासारखे पिळले जातात, आणि तो पीळच या साखळीला योग्य दिशा देतो. बाहेरून कोणी चुंबक ठेवावा लागत नाही. उष्णता तेवढी बाहेर पडत राहिली पाहिजे.

कल्पना आकर्षक, पण प्रश्न असा की, तार, वेटोळे, धारवा यांपैकी काही नसलेल्या एकजिनसी द्रवात हे खरोखर घडेल का? थॉमस काउलिंग यांनी १९३३-३४ च्या सुमारास गणिताने दाखविले की, अक्षाभोवती सर्व बाजूंनी अगदी सारखे असलेले क्षेत्र अशा रीतीने टिकूच शकत नाही. या निकालाने अनेकांचा धीर खचला. काहीशा वेड्यावाकड्या, असमान प्रवाहांतूनच डायनामो शक्य होता. आणि असे प्रवाह म्हणजे हाताने न सुटणाऱ्या समीकरणांचे जंजाळ. येथे संगणकाचा प्रवेश झाला.

यंत्राने दिलेला पहिला कौल

ब्रिटनच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेचे तत्कालीन संचालक एडवर्ड बुलार्ड आणि त्यांचे सहकारी हार्वी गेलमन यांनी १९५४ मध्ये त्या काळच्या इलेक्ट्रॉनिक संगणकाच्या साहाय्याने हे गणित प्रसिद्ध केले. त्यांनी द्रवाची एक विशिष्ट हालचाल गृहीत धरली आणि तीतून चुंबकीय क्षेत्र टिकते की नाही ते पाहिले. उत्तर आले : टिकते. सिद्धांताला यंत्राची साक्ष मिळाली.

परंतु ही साक्ष खोटी ठरली. संगणकाची शक्ती त्या वेळी तोकडी होती, म्हणून चुंबकीय क्षेत्राचे चित्र मोजक्या पदांच्या बेरजेने काढावे लागले होते. मांडवीच्या मुखाचा नकाशा कोणी दहा ठिपके जोडून काढावा आणि त्यात एक उत्तम बंदर दिसावे. मग शंभर ठिपके घेऊन काढावा तर ते बंदर गडप व्हावे, तसे येथे झाले. १९७० च्या सुमारास अधिक शक्तिमान संगणकांवर अधिक पदे घेऊन तेच गणित पुन्हा केले गेले, तेव्हा ती हालचाल क्षेत्र टिकवू शकत नाही असे आढळले. विशेष हे की, मूळ कल्पना चुकीची नव्हती. जॉर्ज बॅकस आणि आर्विड हर्झेनबर्ग या दोघांनी १९५८ मध्येच स्वतंत्रपणे, निव्वळ गणिताने, असे डायनामो असू शकतात हे सिद्ध केले होते. कल्पना खरी होती आणि तिच्या बाजूने दिलेला यंत्राचा पहिला पुरावा मात्र टाकाऊ होता. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे आजही फार थोड्यांच्या ध्यानात राहते.

पुढची चाळीस वर्षे संगणक वाढत गेले. १९९५ मध्ये गॅरी ग्लाट्झमायर आणि पॉल रॉबर्ट्स या अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी एक प्रतिकृती प्रसिद्ध केली. या वेळी द्रवाची हालचाल गृहीत धरलेली नव्हती. उष्णता, भ्रमण, द्रवाचा प्रवाह आणि विद्युत् चुंबकीय बल यांचे नियम तेवढे संगणकाला दिले, आणि बाकीचे त्याच्यावर सोपविले. क्रे जातीच्या महासंगणकाने २,००० हून अधिक तास राबून पृथ्वीच्या गाभ्याची सुमारे ४०,००० वर्षे उलगडली. होकायंत्राला उत्तर दाखवील असे क्षेत्र त्यात टिकून राहिले. आणि जवळजवळ ३६,००० वर्षे लोटल्यावर, कोणी बाहेरून धक्का न देता, त्या क्षेत्राचे उत्तर व दक्षिण ध्रुव आपोआप उलटले. जगभरच्या शास्त्रज्ञांनी या निकालाचे कौतुक केले ते साहजिकच होते.

तरीही हा पुरावा नव्हे, असे सांगणारे प्रथम त्याच क्षेत्रातील जाणकार होते. पृथ्वीच्या गाभ्यातील वितळलेले लोखंड चिकटपणात जवळजवळ पाण्यासारखे आहे. संगणकाला इतका चंचल द्रव पेलत नाही. त्यातील बारीक भोवऱ्यांचा हिशेब ठेवता ठेवता यंत्र थकते. म्हणून प्रतिकृतीतील द्रव कित्येक पटींनी चिकट धरावा लागतो. पृथ्वीचा गाभा पाणी मानला तर संगणकातील गाभा काकवीहून घट्ट म्हणावा लागेल. आजचे महासंगणक १९९५ च्या मानाने अतोनात शक्तिमान आहेत आणि अंतर घटले आहे. पण खऱ्या पृथ्वीपर्यंत ते अजूनही पोहोचलेले नाहीत. एवढी तफावत असूनही चित्र पृथ्वीसारखे का दिसते, हा स्वतःच एक संशोधनाचा विषय झाला आहे. याच प्रतिकृतीने सांगितले होते की, आंतरगाभा पृथ्वीपेक्षा किंचित वेगाने फिरत असावा. १९९६ मध्ये भूकंपलहरींवरून त्याला दुजोराही मिळाला. पण पुढील मोजणीत तो वेग फारच कमी निघाला, आणि अलीकडच्या अभ्यासांत तर आंतरगाभा काही काळ मागेही रेंगाळतो असे दिसून आले आहे.

दगडांची साक्ष, वहीची साक्ष

मग विश्वास कशावर ठेवावयाचा? विश्वास बसतो तो निरनिराळ्या, एकमेकांशी संगनमत नसलेल्या साक्षींवर. पहिली साक्ष प्रयोगशाळेची. १९९९ च्या अखेरीस लॅटव्हियातील रिगा आणि जर्मनीतील कार्लस्रूहे येथे वितळलेले सोडियम नळ्यांतून वेगाने खेळवून शास्त्रज्ञांनी खरोखर चुंबकीय क्षेत्र उत्पन्न केले. २००६ मध्ये फ्रान्समधील कादाराश येथेही ते साधले, आणि तेथे क्षेत्राचे ध्रुव उलटतानाही दिसले. द्रव धातूतून चुंबकत्व जन्मू शकते, ही गोष्ट त्यानंतर तर्क राहिली नाही.

दुसरी साक्ष दगडांची, आणि ती आपल्या घाटमाथ्यावर उभी आहे. शिलारस थिजताना त्यातील लोहकण त्या वेळच्या चुंबकीय दिशेची खूण जपून ठेवतात. पृथ्वीचे ध्रुव पूर्वी उलटलेले असावेत, ही गोष्ट फ्रान्समधील खडकांवरून बर्नार ब्रून यांनी १९०६ मध्ये प्रथम मांडली. शेवटची उलथापालथ सुमारे ७ लाख ८० हजार वर्षांपूर्वीची. सह्याद्रीचा काळा पाषाण, जो गोव्याच्या ईशान्य कोपऱ्यापर्यंत पोहोचला आहे, तो सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी थिजला. त्याच्या थरांत खाली उलटे आणि महाबळेश्वरच्या माथ्याकडे सुलटे चुंबकत्व आढळते. ब्लॅकेट यांचा सिद्धांत कोसळला, पण त्यासाठी घडविलेला मापक वाया गेला नाही. त्या प्रकारच्या मापकांनी त्यांच्याच गटातील संशोधकांनी दख्खनचे दगड तपासले आणि १९५६ मध्ये निष्कर्ष काढला की, हे दगड थिजले तेव्हा भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेस होता. खोट्या ठरलेल्या सिद्धांताच्या प्रामाणिक परीक्षेतून आपल्या भूमीच्या प्रवासाची कथा हाती आली. १९६२ साली अरबी समुद्राच्या दक्षिणेकडील कार्ल्सबर्ग पर्वतरांगेवर ‘ओवेन’ या ब्रिटिश जहाजाने घेतलेल्या चुंबकीय नोंदींवरूनच १९६३ मध्ये व्हाइन व मॅथ्यूज यांनी सागरतळ पसरत असल्याच्या सिद्धांताला आधार दिला, हेही येथे सांगितले पाहिजे.

तिसरी साक्ष वहीची. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून चुंबकीय नोंदी घेतल्या जाऊ लागल्या. सप्टेंबर १८५९ मध्ये सूर्यावरून आलेले प्रचंड चुंबकीय वादळ पृथ्वीवर आदळले, तेव्हा तेथील निरीक्षक सुईकडे पाहून आकडे हाताने लिहीत होते. सुमारे १६०० नॅनोटेस्लांची ती घसरण कित्येक दशके वह्यांत पडून होती. तिचे जागतिक महत्त्व २००३ मधील एका अभ्यासाने प्रकट झाले. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असे दिसताच वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांच्या कारकिर्दीत चुंबकीय वेध १९०४ मध्ये अलिबागला हलविण्यात आले. ट्रामच्या विजेने सुई बिघडू नये म्हणून ही खबरदारी. आणि मालिका तुटू नये म्हणून जवळजवळ दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी वेध घेतले गेले. १९७१ मध्ये स्वायत्त झालेल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेने तो वारसा पुढे चालविला आहे. सूर्याकडून येणारे क्षणिक वादळ कोणते आणि गाभ्यातून वर येणारा संथ बदल कोणता, हे ओळखावयाचे तर एकाच जागी, पिढ्यान्‌पिढ्या, न कंटाळता घेतलेल्या अशा नोंदींवाचून मार्ग नाही.

या सर्व साक्षींनंतरही प्रश्न संपलेले नाहीत. गाभ्यातील लोखंड उष्णता पूर्वीच्या अंदाजाहून बरेच सहज वाहून नेत असावे, असे २०१२ मध्ये, पुन्हा संगणकाच्याच गणिताने, पुढे आले. ते खरे असेल तर घन आंतरगाभा पृथ्वीच्या वयाच्या मानाने अलीकडचा ठरतो. मग तो थिजू लागण्यापूर्वीची कोट्यवधी वर्षे डायनामोला बळ कोठून मिळत होते? यावर अनेक तर्क आहेत; निकाल नाही. गेल्या सुमारे २०० वर्षांत पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र सरासरी ९ टक्के क्षीण झाले आहे. त्यावरून ध्रुव आता उलटणारच, असे सांगणारे चलच्चित्र पडद्यावर सहज काढता येईल. परंतु यापूर्वीही ते असे क्षीण होऊन पुन्हा सावरलेले आहे. जहाजे व विमाने वापरतात तो जागतिक चुंबकीय आराखडा दर पाच वर्षांनी नवा करतात. ध्रुवाची चाल अनपेक्षित वाढल्याने २०१९ च्या फेब्रुवारीत तो मुदतीपूर्वीच दुरुस्त करावा लागला. दुरुस्ती करणे शक्य झाले ते प्रत्यक्ष मोजमापे चालू होती म्हणून.

आज किनाऱ्यावर बंदर बांधावे की नाही, वाळू कोठे साचेल, पाऊस किती पडेल, पूररेषा कोठवर जाईल, या सर्वांचे निर्णय संगणकातील प्रतिकृतींवर विसंबून होऊ लागले आहेत. त्या टाकून द्याव्यात असे आम्ही म्हणणार नाही. त्यांच्याविना भूचुंबकत्वाचे कोडे आज आहे तेथवरही आले नसते. परंतु अशा प्रत्येक प्रतिकृतीला जनतेने तीन प्रश्न विचारावयास हवेत. यात काय गृहीत धरले आहे? ठिपके दहाचे शंभर केले तर उत्तर टिकते का? आणि यंत्राबाहेरची कोणती साक्ष याच्या बाजूने उभी आहे? बुलार्ड यांचे गणित दुसऱ्या प्रश्नावर कोसळले. ग्लाट्झमायर यांचे गणित पहिल्या प्रश्नाचे उत्तर अजून पुरते देऊ शकलेले नाही, पण तिसऱ्या प्रश्नाला त्याच्याजवळ उत्तर आहे, आणि ते अलिबागच्या वह्यांत व सह्याद्रीच्या कड्यांत आहे.

नवा संगणक आला की उद्‌घाटने होतात, छायाचित्रे निघतात. भरतीओहोटीची पट्टी रोज वाचणारा, पर्जन्यमापकातील पाणी मोजणारा, चुंबकीय सुईचा आकडा टिपणारा माणूस निवृत्त झाला तर त्याची जागा रिकामी राहिली तरी कोणाला खंत वाटत नाही. ही खंत वाटावयास हवी. आज न घेतलेला वेध उद्या कोणत्याही महासंगणकाला भरून काढता येणार नाही. शासनाने नव्या यंत्रांवर खर्च अवश्य करावा; पण वेधशाळांच्या नोंदींत एका दिवसाचाही खंड पडू न देण्याची जबाबदारी त्याआधीची आहे, हे अंदाजपत्रक मांडणाऱ्यांनी विसरू नये.